कार्ड घरी राहिलं, पक्षी मात्र भेटला

डिसेंबरातला रविवार. पहाटे चारला उठून, डब्यात शामी कबाब आणि पराठे भरून, धाकट्याला अर्ध्या झोपेतच गाडीत बसवून आम्ही भिगवणला निघालो. पुण्यापासून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. वाटेत एका पंपाच्या आवारात फजर अदा केली, टपरीवर चहा घेतला आणि सूर्य वर येता येता कुंभारगावच्या काठावर पोहोचलो. होडी ठरली. पाण्यावर धुकं होतं. थोडं आत गेलो तर मच्छीमारांनी रोवलेल्या एका बांबूवर मासे मारणारी घार बसलेली. इंग्रजीत हिला ऑस्प्रे म्हणतात. तिच्या नखांत मासा होता, तोही अजून तडफडणारा. होडी तिच्यापासून जेमतेम पंधरा पावलांवर असेल. उगवतीचं सोनेरी ऊन थेट तिच्या तोंडावर पडलेलं.

आम्ही कॅमेरा उचलला, नेम धरला, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : कार्ड नाही.

आदल्या रात्री जुने फोटो काढून घ्यायला कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं होतं. ते तिथेच राहिलं. आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघायला लागलो की नावाड्याने वल्हं थांबवलं. कार्ड कुणी काढलं, पिशवी कुणी भरली, हे होडीतच सुरू झालं. तेव्हा मागच्या फळीवर शालीत गुरफटून बसलेले अब्बा म्हणाले, "भांडण घरी जाऊन करा. आता ती बसली आहे तोवर नीट बघा तरी."

आम्ही बघितलं. घारीने मासा पायाखाली दाबून डोक्याच्या बाजूने खायला सुरुवात केली. मधूनच मान वर करून ती आमच्याकडे बघायची. डोळा पिवळाधमक. दहा मिनिटांनी उरलेला मासा घेऊन उडाली. त्या सकाळचा एकही फोटो आमच्याकडे नाही. पण गेल्या चार वर्षांत पाहिलेल्या पक्ष्यांपैकी सगळ्यात स्पष्ट आठवतो तो हाच.

गॅलरीतून सुरुवात

आम्ही काही फोटोग्राफर नव्हे. नात्यातल्या एका लग्नासाठी जुना कॅमेरा विकत घेतला होता आणि लग्नानंतर तो कपाटात पडून होता. २०२० च्या टाळेबंदीत सगळं घर गॅलरीत येऊन बसायला लागलं, तेव्हा समोरच्या उंबरावरून दिवसभर 'टुक टुक टुक' असा आवाज यायचा. धाकट्याला वाटायचं, कुणीतरी भांडी ठोकतंय. अब्बा म्हणाले, "बेटा, तो तांबट आहे. तांब्याची भांडी घडवल्यासारखा आवाज करतो, म्हणून तांबट." तो दिसायला मात्र तीन दिवस लागले. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. कपाटातला कॅमेरा त्या दिवशी बाहेर आला.

अब्बांनी एसटीत तीस वर्षं गाडी चालवली. घाटात, माळावर, नदीकाठी गाडी बंद पडली की मदत येईपर्यंत बसून राहायचं आणि ऐकायचं. तिथे त्यांचे कान तयार झाले. नावं त्यांना गावाकडची ठाऊक : वेडा राघू, कोतवाल, दयाळ, खंड्या, टिटवी. पुस्तकातली नावं थोरलीने शोधली. एका बाजूला आजोबांचे कान, दुसऱ्या बाजूला नातीचं पुस्तक, आणि मधे आमचा कॅमेरा. अशी आमची टोळी जमली.

फजितीची यादी

वाचकहो, पक्ष्यांचे फोटो काढायला निघालेल्या माणसाची जी जी फजिती होऊ शकते, ती सगळी आमची झाली आहे.

पहिल्याच हिवाळ्यात लोणी काळभोरजवळच्या कवडीपाटला गेलो. मुळा-मुठेच्या पाण्यावर साबणासारखा पांढरा फेस, नाकाला रुमाल, आणि त्या फेसातच शेकडो पक्षी. पांढऱ्या बगळ्याचे दोनशे फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर बगळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. पीस एकही दिसेना. नंतर कळलं, की गडद पाण्यापुढे पांढरा पक्षी असला की कॅमेरा फसतो. त्याला आजूबाजूचा अंधारच जास्त दिसतो आणि तो उजेड वाढवतो. अशा वेळी उजेड आपण हाताने कमी करायचा असतो. एवढी साधी गोष्ट शिकायला दोनशे बगळे खर्ची पडले.

मग उडणारे पक्षी. शटरचा वेग कमी ठेवला की खंड्याच्या जागी निळी रेघ येते. सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवायचा, हे समजेपर्यंत आमच्याकडे निळ्या रेघांचा मोठा संग्रह झाला होता.

गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायला उशी लागते. विकतची महाग, म्हणून जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात चणे भरले. उशी झकास झाली. जुलैत एकदा ती पावसात भिजली आणि गाडीच्या डिकीत विसरली. आठवड्याने डिकी उघडली तर चण्यांना मोड आलेले! धाकटा म्हणाला, "अम्मी, उसळ करायची का?" आता उशीत थर्माकोलचे दाणे असतात.

आणि ते घुबड. सिंहगडाच्या पायथ्याशी तिन्हीसांजेला बाभळीवर काळं काहीतरी बसलेलं दिसलं. कान टोकदार, मान हलतेय. श्वास रोखून, गुडघ्यांवर सरकत आम्ही चाळीस फोटो घेतले. शेवटी वारा आला आणि घुबड फाटून अर्धं खाली पडलं. काळी प्लास्टिकची पिशवी होती.

तुम्ही कोण? जमीन मोजायला आलात का?

एका अडचणीची आम्ही कल्पनाच केली नव्हती. पुण्याच्या आसपासच्या गावांत आजकाल कुणीही गळ्यात यंत्र अडकवून शेताच्या बांधावर उभा राहिला, की लोकांना वाटतं रस्त्यासाठी जमीन मोजायला माणूस आला. त्यात दाढी, दुर्बीण आणि हातभर लांब लेन्स. एकदा सासवडच्या बाजूला चार-पाच जणांनी आम्हाला घेरलं. नाव विचारलं. नाव ऐकल्यावर प्रश्न वाढले. फोटो कशाचे काढता, कुणाला पाठवता, गाडीत कोण आहे? पोलीस पाटलांना बोलावणं गेलं. खोटं कशाला बोला, त्या वेळी आम्ही घाबरलो होतो. थोरलीने आईचा हात घट्ट धरला होता.

पाटील आले. आम्ही काही न बोलता कॅमेरा त्यांच्या हातात दिला. ते एकेक फोटो बघत गेले : भारद्वाज, होला, वेडा राघू, गाईच्या पाठीवरचा बगळा. तेवढ्यात अब्बा गाडीतून उतरले. त्यांनी गावचा जुना एसटी थांबा कुठे होता, तिथल्या हॉटेलात भजी कशी मिळायची, हे सुरू केलं. पाच मिनिटांत दोघांच्या ओळखीचा एक कंडक्टर निघाला. पाटील म्हणाले, "एवढे लांबून आलात तर आमचा पिंगळा बघून जा." देवळामागच्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी होती. मुठीएवढं ते घुबड मान वाकडी करून आमच्याकडे रोखून बघत होतं. निघताना चहा झाला.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. नव्या गावात गाडी थांबवली की आधी पारावर जायचं, सलाम-नमस्कार करायचा, कशासाठी आलो ते सांगायचं आणि गावात कोणते पक्षी आहेत ते विचारायचं. याने भीती दोन्ही बाजूंची जाते. पक्षीही जास्त दिसतात, कारण गावकऱ्याला जे ठाऊक असतं ते कुठल्याच ॲपला ठाऊक नसतं.

नावाड्याचा धडा

कार्ड घेऊन आम्ही जानेवारीत पुन्हा भिगवणला गेलो. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचं पाणी मागे पसरत पसरत इथवर आलं. अब्बा या रस्त्याने गाडी नेत तेव्हा इथे पाणी नव्हतं, शेतं होती. कित्येक गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ कोरड्या उन्हाळ्यात अजूनही पाण्यातून वर येतं. लोकांची शेतं गेली आणि उथळ पाणी, चिखल, मासे यांच्या ओढीने पक्षी आले. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस, चक्रवाक, चमच्यासारख्या चोचीचे बगळे, आणि ज्यांच्यासाठी सगळे येतात ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. काठच्या मच्छीमारांतले कित्येक जण हिवाळ्यात होड्यांतून पक्षी दाखवतात आणि त्यांच्या घराला त्याचा आधार होतो.

दोनशे-अडीचशे रोहित चिखलात उभे होते. चोच उलटी करून, पायांनी गाळ ढवळत खात होते. बसलेला रोहित पांढरट गुलाबी दिसतो. पंख उघडले की आतला लालभडक रंग दिसतो. तो फोटो आम्हाला हवा होता. आम्ही म्हणालो, "भाऊ, होडी जरा जवळ घ्या ना. उडाले तर फोटो छान येईल."

नावाडी म्हणाला, "उडवायचं नाही, साहेब. ते इथं खायला आलेत. दिवसाला दहा होड्या येतात. दहाही जणांनी उडवलं तर ते खाणार कधी? अन् उद्या ते दुसरीकडं गेले, तर तुम्ही तरी इथं कशाला याल?"

आम्ही गप्प झालो. त्याने इंजिन बंद केलं, बांबू चिखलात रोवून होडी थांबवली आणि म्हणाला, "बसा निवांत." अर्धा तास आम्ही बसलो. रोहित खात खात आमच्याच दिशेने सरकत आले. इतके जवळ, की चोचीतून पाणी गाळल्याचा आवाज ऐकू यायला लागला. मग त्यातल्या काहींनी आपण होऊन अंग ताणलं, पंख पसरले आणि पुन्हा मिटले. हवा होता तो लाल रंग आम्हाला मिळाला, आणि त्यासाठी एकाही पक्ष्याला जागा सोडावी लागली नाही.

जो फोटो आम्ही कुणाला दाखवत नाही

नावाड्याचं म्हणणं आम्हाला पटलं होतं. तरी त्याच उन्हाळ्यात आम्ही चुकलो.

एप्रिलमध्ये एका माळावर थोरलीला टिटवीची अंडी दिसली. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर खळगा करते, त्यात खडे मांडते आणि बहुधा चार अंडी घालते. मातकट रंग, त्यावर काळे ठिपके. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. आम्ही हरखून गेलो. फोटोत अडथळा येत होता म्हणून दोन काटक्या आणि एक ढेकूळ बाजूला केलं. पालथे झोपलो. टिटवीची जोडी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. ती ओरडतेय म्हणून तिचेही फोटो काढले. सकाळचे अकरा वाजलेले, ऊन रणरणतं. पाऊण तास गेला.

अब्बा लांब कडुनिंबाखाली गाडीत बसले होते. त्यांनी फोन केला. "टिटवी अजून ओरडतेय. तुम्ही अजून उठला नाहीत का तिथून?"

आम्ही उठलो. फोटो अप्रतिम आला होता. नातेवाइकांनी वाहवा केली. दोन दिवसांनी थोरली पुस्तक घेऊन आली. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती नुसती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायलाही. फार तापलं तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार करते. आम्ही पाऊण तास तिला अंड्यांजवळ येऊ दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. लांबूनच दुर्बिणीने पाहिलं. टिटवी नव्हती. खळगा रिकामा होता. शेजारी मेंढरं घेऊन बसलेला एक म्हातारा म्हणाला, "कावळ्यानं नेली असतील. माणूस जिथं वाकतो, तिथं कावळ्याची नजर जाती." आमच्यामुळेच गेली का, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण आमच्यामुळे गेली नाहीत, असंही आम्हाला म्हणता येत नाही. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही.

नंतर समजलं, की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी वा घरटी यांना त्रास देणंही धरलेलं आहे. हाती बंदूक नसली तरी शिकार होऊ शकते. पक्ष्यांच्या फोटोंच्या अनेक स्पर्धांत घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत, तेही याचसाठी. तो फोटो आम्ही खोडला नाही. पण कुणाला दाखवतही नाही. घरटं किंवा अंडी दिसली की पाय न थांबवता पुढे जायचं, हा आमच्या घरातला सगळ्यात कडक नियम आता थोरली पाळून घेते.

एअरगन ते दुर्बीण

अशा वेळी डॉ. सलीम अली यांची गोष्ट धीर देते. १८९६ मध्ये जन्मलेला, मुंबईत मामांच्या घरी वाढलेला हा पोरका मुलगा एअरगनने चिमण्या मारायचा. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, म्हणून तो मामा अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. त्यांनाही सांगता येईना, तेव्हा त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. तिथे मांडून ठेवलेले पक्षी बघून मुलाचं आयुष्यच पालटलं. पुढे १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्यांवर दिवसचे दिवस नजर ठेवली. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि मग नर दुसरं घरटं बांधायला घेतो, हे त्यांनी जगाला सांगितलं. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. ते आमच्याही घरी आहे आणि त्याच्या पानांवर चहाचे डाग आहेत. सुरुवात चुकीची झाली म्हणून शेवट चुकीचा होत नाही, हे आम्ही मुलांना त्यांच्यावरून सांगतो. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

अब्बांचा हुदहुद

गेल्या फेब्रुवारीत एका माळावर थांबलो होतो. अब्बा एकदम म्हणाले, "चूप. ऐका." लांबून मऊ आवाज येत होता : हुप हुप हुप. "हुदहुद आहे." मराठीतही हुदहुद आणि उर्दूतही हुदहुद. हजरत सुलैमान यांच्याकडे सबाची खबर घेऊन येणारा तोच पक्षी, कुरआनच्या सूरह नम्लमधला. मुलांनी गोष्ट ऐकलेली होती, पण पक्षी पाहिला नव्हता. तो बोरीच्या झुडपाआड जमिनीवर चोच खुपसत फिरत होता. मधेच त्याने डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उघडला. धाकटा ओरडला, "दादाजान, तुरा बघा!"

अब्बा तिकडेच बघत होते. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "आवाज कळतो रे. तुरा नाही दिसत."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दोन वर्षं आम्ही मागे लागलो होतो आणि ते टाळत होते. या वयात आता काय बघायचं राहिलंय, म्हणायचे. त्या रात्री जेवताना त्यांनी स्वतःच विचारलं, "डॉक्टरांची वेळ कधी मिळेल?"

एप्रिलमध्ये एक डोळा झाला, जूनमध्ये दुसरा. पट्टी निघाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचे सगळे फोटो मागितले. लॅपटॉपसमोर तासभर बसले. आम्ही दोघं बाजूला उभे, शाबासकीची वाट बघत. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "मला वाटायचं माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुमचे फोटोच धूसर आहेत की!"

निघायचं असेल तर

तुम्हालाही वाटलं असेल, तर महागड्या कॅमेऱ्यासाठी थांबू नका. साधी दुर्बीण आणि एक वही पुरे. सुरुवात गॅलरीतून करा. बाहेर जाताना भडक कपडे नकोत. सूर्य पाठीशी ठेवा. पक्षी आपल्याकडे टक लावून बघायला लागला, खाणं थांबवलं किंवा ओरडायला लागला, की समजा आपण फार जवळ गेलो, आणि मागे या. त्याला जवळ बोलवायला मोबाइलवर त्याचाच आवाज लावू नका. घरट्याचा फोटो नको, जागाही सांगू नका. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्डसारख्या ठिकाणी नोंदवा, अभ्यासकांना ती उपयोगी पडते. दर फेब्रुवारीत जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते, तिच्यात मुलांना घ्या. तिला पंधरा मिनिटं लागतात.

आणि निघण्यापूर्वी कार्ड तपासा. आमच्याकडे आता ते काम अब्बांनी घेतलं आहे. गाडी सुरू करण्याआधी ते मागून विचारतात, "कार्ड?" आम्ही कॅमेरा उघडून दाखवतो. मग म्हणतात, "चला. बिस्मिल्लाह." पुढचा रविवार पुन्हा भिगवणचा ठरला आहे. ती मासे मारणारी घार आमच्यापैकी चौघांनी नीट पाहिली होती. अब्बांनी अजून पाहिलेली नाही.